नावापुरते नऊजण

बेसबॉलमध्ये इनफील्ड फ्लाय नावाचा एक नियम आहे. पिट्सबर्गमध्ये संसार केला, मुलं वाढवली, तरी तो नियम मला आजही कुणाला समजावून सांगता येणार नाही. चेंडू अजून हवेत असतानाच पंच फलंदाजाला बाद देऊन टाकतात आणि मैदानात कुणाला त्याचं नवल वाटत नाही, एवढंच मी पाहिलंय. पण मासे, अवयव, वार, राष्ट्राध्यक्ष, कशाच्याही नावाचे बेसबॉलपटू सांगा म्हटलं, तर भाजी चिरता चिरता सांगेन. खेळ कळायच्या आधी मला खेळाडूंची आडनावं कळली, आणि आडनावांशी खेळायला लागल्यावर मूळ खेळावाचून फारसं अडलं नाही.

ही खोड मात्र अमेरिकेत लागलेली नाही. साताऱ्यात आमच्याकडे बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागायचं, तेव्हा घरातली पुरुषमंडळी धावा मोजत आणि आम्ही पोरं नावांच्या भेंड्या लावत असू. मामाला तर नावांवर कोटी केल्याशिवाय चहा गोड लागत नसे. सलामीला नरी कॉन्ट्रॅक्टर, यष्टीमागे फारुख इंजिनिअर. आता एक ओव्हरसिअर मिळाला की कृष्णेवर पूल बांधून घेऊ, असं तो म्हणायचा. हा विनोद प्रत्येक मॅचला व्हायचा आणि आम्ही प्रत्येक मॅचला हसायचो.

पिट्सबर्गला आले १९७९ च्या उन्हाळ्यात. यांची नोकरी पोलाद कारखान्याशी संबंधित एका कंपनीत, आणि घर चढावरच्या गल्लीत. शेजारी एक निवृत्त गिरणी कामगार राहायचे. गिरणी म्हणजे स्टील मिल. तिकडे तोच शब्द. संध्याकाळी ते ओसरीवर रेडिओ घेऊन बसत. लावलेलं असायचं केडीकेए. बेसबॉलचं पहिलं रेडिओ प्रक्षेपण १९२१ साली याच केंद्रावरून झालं, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं, जणू माइक त्यांनीच धरला होता. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणायची.

त्या वर्षी पिट्सबर्गचा पायरेट्स संघ भरात होता. आजोबांनी मला खेळ शिकवायचा प्रयत्न केला, पण माझं लक्ष नावांकडे. ग्रँट जॅक्सन नावाचा एक पिचर होता. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी म्हणून मी राष्ट्राध्यक्षांची यादी आधीच घोकायला घेतली होती. म्हटलं, हा एकटाच दोन राष्ट्राध्यक्ष आहे की! आजोबा थबकले. आयुष्यभर मॅचेस ऐकूनही हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजमध्ये बाल्टिमोरकडून एक विरुद्ध तीन अशा पिछाडीवर पडलेला संघ शेवटचे तिन्ही सामने जिंकला, आणि सातव्या सामन्याचा विजयी पिचर म्हणून नोंद झाली ती ग्रँट जॅक्सनची. गल्लीत भांडी वाजवत लोक नाचत होते. आजोबा कुंपणापाशी येऊन मला म्हणाले, तुझे दोन्ही अध्यक्ष निवडून आले.

याच संघात बर्ट ब्लायलेव्हन होता. ईएसपीएन वाहिनी त्याच वर्षी सुरू झाली आणि तिथल्या क्रिस बर्मनने पुढे खेळाडूंच्या नावांत टोपणनावं खोचायचा धंदाच मांडला. त्यातलं माझं लाडकं म्हणजे बर्ट ‘बी होम’ ब्लायलेव्हन. मोठ्यानं म्हणून पाहा: अकराच्या आत घरी ये. आमच्या मुलीला कॉलेजच्या वयात मी हेच वाक्य ऐकवायची, नुसतं ‘ब्लायलेव्हन’ म्हणून. बर्मनच्या बाकीच्या पुष्कळ कोट्या ओढूनताणून आणलेल्या वाटतात. कोटीत नावाला ढकलावं लागलं की मजा गेली. नाव आपल्या पायांनी चालत आलं पाहिजे.

ढकलण्याचा आरोप करता येणार नाही असा एक प्रयोग मात्र अमेरिकेत अजरामर आहे: ॲबट आणि कॉस्टेलो या जोडगोळीचं ‘हूज ऑन फर्स्ट’. १९३८ मध्ये ते देशभर रेडिओवर गाजलं. पहिल्या बेसवरच्या खेळाडूचं नाव हू, दुसऱ्यावर व्हॉट, तिसऱ्यावर आय डोन्ट नो. पिचर टुमॉरो, कॅचर टुडे. एकजण विचारतो, पहिल्या बेसवर कोण? दुसरा म्हणतो, हो, ‘कोण’च. इथून जो घोळ सुरू होतो तो थांबत नाही. मला भाषा धड येत नव्हती तेव्हाही त्यातलं सगळं समजलं, कारण इंग्रजीच्या पहिल्या धड्यातले प्रश्नार्थक शब्दच तिथं खेळाडू होऊन उभे होते. गंमत म्हणजे त्या संघात उजव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाला नावच नाही. आणि २००७ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडे चिन-लुंग हू नावाचा तैवानी खेळाडू आला, पहिल्या बेसवर पोचला, आणि समालोचक विन स्कली यांना ते वाक्य अखेर खरंखुरं उच्चारता आलं. अशा वेळी वाटतं, विनोद आधी लिहिला जातो आणि माणसं मागाहून जन्माला येतात.

मुलं मोठी होत होती तेव्हा न्यू जर्सीला दिरांकडे जाणं व्हायचं. पेनसिल्वेनिया टर्नपाइक हा रस्ता इतका लांब आणि एकसुरी की गाडीत भांडणं ठरलेली. अंताक्षरी मुलांना जमेना, हिंदी गाणी त्यांना पाठ नव्हती. मग मी आमच्या भेंड्या बेसबॉलला जुंपल्या. आडनावाच्या पहिल्या अक्षरानं पुढच्याचं पहिलं नाव सुरू व्हायचं. बेब रूथ, मग रेजी जॅक्सन, मग जिम राइस, रॉबिन यौंट, योगी बेरा आणि ‘ब’वरून परत बेब रूथ. फेरा पुरा झाला की मुलं टाळ्या पिटत आणि हे म्हणत, झालं, आता तरी झोपा. यातला योगी थेट आपल्याकडचा निघाला. त्याचं खरं नाव लॉरेन्स. मांडी घालून बसलेला पाहून एका मित्राला सिनेमात पाहिलेला भारतातला योगी आठवला आणि ते नाव जन्माचं चिकटलं.

पुढची पायरी म्हणजे संघ जमवणं. अवयवांचा संघ सोपा: एलरॉय फेस, रॉली फिंगर्स, बिल हँड्स, बॅरी फूट, एड हेड. यातला फेस आमच्या पायरेट्सचा, १९५९ मध्ये अठरा सामने जिंकून एकच हरलेला. वारांमध्ये बिली संडे आणि रिक मंडे. पैकी संडे पुढे खेळ सोडून धर्मोपदेशक झाला, म्हणजे नावाला जागला. खाण्याच्या संघावर मात्र घरात मारामारी. डॅरिल स्ट्रॉबेरी, जिम राइस, चेट लेमन, झॅक व्हीट... चिली डेव्हिस चालेल का? मिरची हे त्याचं टोपणनाव, आडनाव नाही. मुलगा नियमांच्या बाबतीत कडक. आडनावच हवं, टोपणनावाला प्रवेश नाही. त्यामुळे माशांच्या संघातून कॅटफिश हंटर बाद झाला. खरं तर मासा आणि शिकारी एकाच माणसात, त्याच्यासाठी अपवाद करायला हरकत नव्हती.

माशांच्याच संघात सिड ब्रीम होता. तो आधी पायरेट्सकडे खेळायचा, मग अटलांटाला गेला. १९९२ च्या ऑक्टोबरात लीगच्या अंतिम फेरीचा सातवा सामना, शेवटचा डाव, आणि हा अडखळत्या गुडघ्यांचा ब्रीम दुसऱ्या बेसवरून धावत येऊन घसरत होमप्लेटला पोचला. पायरेट्स हरले. मुलानं त्याच रात्री वहीतून ब्रीम खोडला. मी म्हटलं, अरे, मासा तो मासाच. त्यानं ऐकलं नाही. त्यानंतर पायरेट्सना ओळीनं वीस हंगाम जिंकण्याहून हरणंच जास्त वाट्याला आलं. त्या वीस वर्षांत आमच्या घरात बेसबॉल जगला तो नावांवर. टिम सॅमन निवृत्त झाला आणि काही वर्षांनी त्याच एंजल्स संघात, तसाच आउटफिल्डला, माइक ट्राउट आला. आमच्याकडे कुठल्याही विजयापेक्षा या बातमीनं जास्त दंगा झाला.

१९६९ मध्ये मॅकमिलननं बेसबॉलचा मोठा कोश काढला होता. त्याच्या नंतरच्या एका आवृत्तीची जुनी प्रत आजोबांच्या घरात देव्हाऱ्यातल्या पोथीसारखी असायची. ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं ती मला दिली. बाकीचे लोक त्यात सरासऱ्या बघतात. मी वर्णक्रम बघते. सगळ्यांत पहिला हँक ॲरन. ७५५ होमरनवाल्याला अक्षरांनीही पहिलं स्थान दिलं होतं. २००४ मध्ये डेव्हिड आर्ड्समा नावाचा पिचर आला आणि केवळ स्पेलिंगच्या जोरावर त्याच्या पुढे जाऊन बसला. शेवटचा मान कितीतरी दशकं डच झ्विलिंगकडे होता, तो २०१५ मध्ये टोनी झायकनं घेतला. कोशातच मला एड फिगेरोआ सापडला: इंग्रजीतले पाचही स्वर आडनावात, प्रत्येक एकदाच. पहिल्या नावात तेच साधणारा ऑरेलिओ रॉड्रिगेझ. उलटसुलट सारखं वाचलं जाणारं आडनाव टोबी हॅराचं. स्पेलिंगमध्ये हा दोन्हीकडून सारखा, आणि १९७६ मध्ये शॉर्टस्टॉपला उभं राहून एका दिवसात दोन अख्खे सामने खेळला, तर त्याच्याकडे झेलायला-फेकायला एकही चेंडू आला नाही. आरशासारखं नाव आणि आरशासारखाच दिवस, दोन्ही बाजूंना काही नाही.

या खेळाला एक अट असते. अक्षर इकडचं तिकडे झालं की खेळ संपतो. फिगेरोआतला एक स्वर गाळा, हॅराचा शेवटचा एच विसरा, हाती काही उरत नाही. साल्टलमाकिया या चौदा अक्षरी आडनावाच्या पाठीवरची अक्षरं एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत कमान करून जायची; कितीतरी वर्षं बेसबॉलमधलं हे सर्वांत लांब आडनाव होतं. ते घडाघडा लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत.

हे मला का जाणवतं, तर माझ्या नावात ‘ज्ञ’ आहे. पासपोर्टवर ज्ञानदा डी, एन, वाय अशी सुरू होते आणि तिथेच सगळ्यांना ठेच लागते. मी हिशेबाच्या कामाला लागले त्या ऑफिसात साहेबांनी पहिल्याच दिवशी हसून सांगितलं, आम्ही तुला डायना म्हणू. निवृत्तीच्या केकवरही डायनाच होतं. आजोबांनी मात्र स्पेलिंग विचारून घेतलं होतं. पाकिटाच्या पाठीवर ते लिहिलं, बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, आठ अक्षरं, स्वर एकच, तोही तीनदा! त्यांना उच्चार कधीच नीट जमला नाही. पण अमेरिकेत माझं नाव पूर्ण वाचणारे ते पहिले.

त्यांनीच मला क्लेमेंटेची गोष्ट सांगितली. रोबेर्तो क्लेमेंटे हा पोर्तो रिकोचा, पिट्सबर्गचा देव. तीन हजार हिट्स पुऱ्या केल्या आणि १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या विमानाच्या अपघातात गेला. पण साठच्या दशकातल्या त्याच्या बेसबॉल कार्डांवर नाव असायचं बॉब क्लेमेंटे. रोबेर्तो जिभेला जड, म्हणून बॉब. त्याला ते आवडत नसे. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये फलक लागला त्यावर वडिलांकडचं आणि आईकडचं आडनाव उलट्या क्रमानं कोरलेलं. ते दुरुस्त झालं २००० मध्ये. आलू बंधूंचं तर आडनावच बदललं. फेलिपे, मॅटी आणि हेसूस. १९६३ मध्ये जायंट्सकडून एकाच सामन्यात तिघंही आउटफिल्डला खेळले. घराणं रोहास, आलू हे आईकडचं नाव. कुणीतरी कागदावर शेवटचा शब्द तेवढा उचलला आणि पुढच्या पिढीतला मोइसेसही आलूच राहिला. इंग्रजी शब्दकोडी रचणारे या चार अक्षरांवर आणि मेल ऑटच्या तीन अक्षरांवर दिवस काढतात. आमच्या मुलांना लहानपणी या आलूंना खाण्याच्या संघात घ्यायचं होतं. मी घेऊ दिलं नाही. स्ट्रॉबेरी हे त्या माणसाचं स्वतःचं नाव होतं. आलू दुसऱ्याच्या घाईतून आलेलं. कारण मुलांना पटलं नाही, हे मान्य.

आता नातू आहे. तो आईच्या फोनवर तीन बाय तीनची खेळाडूंची चौकट रोज सकाळी भरतो, आणि कुठलंही नाव दोन सेकंदांत शोधू शकतो. शोधून सापडलेलं नाव मी धरत नाही, हे त्याला ठाऊक आहे. परवा उलटसुलट नावांचा संघ चालला होता. त्यानं हॅरा, पाठोपाठ रॉब नेन, मार्क सॅलस, डेव्ह ऑटो अशी रांग लावली. मी नयन मोंगिया टाकला. मराठीत उलटा वाचला तरी नयन, इंग्रजीत वाचला तरी नयन. हुकमाचा एक्काच होता तो. वर जलज सक्सेना. तोही दोन्ही लिप्यांत पक्का. रामाला भाला मारा म्हणत वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

नातू बापावर गेलाय. पहिली हरकत: हे क्रिकेटवाले. ती मी उडवून लावली. दुसरी हरकत: आडनावच हवं, पहिली नावं चालत नाहीत. मी म्हटलं, आजीसाठी एवढा नियम सैल कर. तो म्हणाला, आजी, मग सगळे बॉब आत येतील, बॉब पण उलटा वाचला तरी बॉबच. कोशात शेकड्यांनी बॉब आहेत.

मला त्या कार्डांवरचा बॉब आठवला, आणि मी नयन मोंगियाला निमूट परत बोलावला. जलजबद्दल मात्र अजून वाटाघाटी चालू आहेत.