बीबी फातिमाचं जातं

बापाच्या घरून सासरी निघालेल्या एका लेकीच्या सामानाची यादी हदीसच्या ग्रंथांनी आजवर जपली आहे. एक लोकरीचं पांघरूण, आत गवत भरलेली कातड्याची उशी, पाण्याची पखाल, दोन घडे आणि दळायचं जातं. लेक पैगंबर मुहम्मदांची, फातिमा. जावई अली, पैगंबरांचे चुलतभाऊ. मेहेर म्हणून द्यायला त्यांच्याजवळ लढाईतल्या चिलखतावाचून मोलाचं काही नव्हतं. ते त्यांनी दिलं. गाव मदिना, साल हिजरीचं दुसरं, म्हणजे इसवी सन 624 च्या आसपासचं.

या यादीत माझं मन अडकतं ते जात्यापाशी. अंबरनाथ पूर्वेला आमच्या भागात जातं आता दिसतं ते लग्नघरीच. पोटमाळ्यावरून खाली काढतात, धुतात, खुंट्याला आंब्याची पानं आणि हळकुंड-सुपारी बांधतात, सवाष्णी मिळून हळद दळतात आणि चार फेरे झाले की हसत उठतात. पण ज्या बायांचा जन्म जात्यापाशी गेला, त्यांचे हात मी पाहिलेत. खुंटा धरणाऱ्या मुठीत, बोटांच्या मुळाशी, आधी लाली येते, मग फोड, फोड फुटला की त्यावरच दुसऱ्या दिवशीचं दळण, आणि पुढे तिथे घट्टा पडतो. तो घट्टा मग मरेपर्यंत जात नाही. बीबी फातिमाचे हात असे होते. त्यांच्या थोरवीच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या जातात, पण मला बीबी पहिल्यांदा आपल्या वाटल्या त्या या घट्ट्यांमुळे.

त्यांचं लहानपण मक्केत गेलं, तेही वडिलांच्या हालअपेष्टांच्या दिवसांत. एकदा पैगंबर काबापाशी नमाजात माथा टेकून होते, तेव्हा विरोधकांनी उंटाचा ओला कोथळा आणून त्यांच्या पाठीवर टाकला आणि हसत उभे राहिले. कुणी पुढे होईना. धावत आली ती चिमुरडी फातिमा. तिने आपल्या हातांनी ती घाण दूर केली आणि त्या मातबर माणसांना तोंडावर खडसावलं. 619 मध्ये आई, हजरत खदीजा, गेल्या आणि घरातलं हे सगळ्यात धाकटं लेकरू वडिलांचं पाहू लागलं. लोक त्यांना बापाची आई म्हणू लागले. 625 मध्ये उहुदच्या लढाईत पैगंबरांचा चेहरा रक्तबंबाळ झाला. अली ढालीतून पाणी आणत होते, फातिमा जखम धूत होत्या, पण रक्त खळेना. तेव्हा त्यांनी चटईचा तुकडा जाळला आणि त्याची राख जखमेत दाबून भरली. रक्त थांबलं. घाण उचलणारे, जखम बांधणारे, पीठ दळणारे हात एकाच बाईचे होते.

मदिनेतल्या त्या घरात नोकर नव्हता. जव दळायचे त्यांनी, पखालीने पाणी वाहायचं त्यांनी; गळ्याखाली पखालीच्या पट्ट्याचा वळ उठला होता. घर झाडताना कपडे धुळीने माखत. विहिरीचं पाणी शेंदून शेंदून अलींची छातीही दुखायला लागली होती. अशात बातमी आली की पैगंबरांकडे युद्धकैदी आलेत. नवराबायकोचं बोलणं झालं आणि फातिमा वडिलांकडे निघाल्या, घरकामाला एक माणूस मागायला. वडील घरी नव्हते. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्यापाशी निरोप ठेवून त्या परतल्या.

पैगंबरांना निरोप मिळाला तेव्हा रात्र झाली होती. ते लेकीच्या घरी आले. दोघं अंथरुणावर पडलेली, उठायला लागली, तर म्हणाले, असू द्या, उठू नका. आणि दोघांच्या मध्ये बसले. अली पुढे ही आठवण सांगत तेव्हा त्यात एक बारकावा असे: मध्ये बसलेल्या पैगंबरांच्या पावलांचा गारवा त्यांना आपल्या छातीवर जाणवला होता. राजदरबाराच्या बखरीत असला तपशील येत नाही. तो आठवतो घरातल्याच माणसाला.

पैगंबरांनी माणूस दिला नाही. मशिदीच्या ओट्यावर बेघर, कफल्लक माणसं राहत होती, त्यांना ‘अहले सुफ्फा’ म्हणत. त्यांची पोटं रिकामी असताना आपल्या लेकीच्या घरी नोकर देणं पैगंबरांना पटेना. पण त्यांनी लेकीला रिकाम्या हाती ठेवलं नाही. रात्री निजताना 33 वेळा ‘सुभानल्लाह’, 33 वेळा ‘अल्हम्दुलिल्लाह’ आणि 34 वेळा ‘अल्लाहु अकबर’ म्हणा, हे नोकरापेक्षा बरं, असं सांगितलं. मिळून शंभर. जगभरच्या मुसलमान घरांत हा जप ‘तस्बीह-ए-फातिमा’ म्हणून ओळखला जातो. अली म्हणत, त्यानंतर मी तो एकाही रात्री चुकवला नाही. कुणी विचारलं, सिफ्फीनच्या लढाईच्या रात्रीसुद्धा? ते म्हणाले, हो, त्या रात्रीसुद्धा.

आमच्या इमारतीतल्या खाला हा जप बोटांच्या पेरांवर करतात. अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर ठेवतात आणि एकेक पेर चढत जातात. ओठ हलतात, आवाज नाही. एकदा मी विचारलं, “खाला, माळ नाही घेत?” त्या म्हणाल्या, “माळ कशाला? ज्या हातांनी दिवसभर काम केलं, त्यांनीच मोजायचं.” त्यांच्या त्या पेरांवर हळदीचे डाग होते आणि अंगठ्याला सुरीचा जुना व्रण. एका दमलेल्या लेकीला दिलेला तो जप दमलेल्या हातांवरच मोजला जात होता.

आपल्या दख्खनला हे जातं परकं नाही. सतराव्या शतकात विजापूरच्या सूफींनी दखनी बोलीत ‘चक्कीनामे’ रचले. खुंटा, आस, तळी अशा जात्याच्या एकेका भागाशी अल्लाह-रसूलचं नाव जोडलेलं असे आणि बाया दळता दळता ते गात. त्याच वेळी शेजारच्या घरात मराठी ओवी चालू असे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. त्यांत बाप आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, विठ्ठल आहे. घरातले जागे व्हायच्या आत बाईला मनातलं बोलायची जी एकुलती जागा होती ती जात्यापाशी, मग बोली मराठी असो की दखनी.

आणि एक गोष्ट तर दोन्हीकडे सारखीच. जनीबरोबर विठ्ठल दळू लागतो, ही कथा मराठी माणसाला पाळण्यातच मिळते. बीबी फातिमाबद्दलही श्रद्धेने सांगतात की अबू जर नावाचे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, अलींना बोलवायला त्यांच्या घरी गेले, तर दळणारं कुणी नसताना जातं आपोआप फिरत होतं. वाळवंटातली ही कथा आणि चंद्रभागेकाठची ती कथा एकमेकींना कधी भेटल्या असतील असं नाही. पण कष्टणाऱ्या बाईला पाहून माणसांच्या मनात जी इच्छा येते, की हिच्या हातांना कुणीतरी विसावा द्यावा, ती दोन्ही मुलखांत एकच होती.

बीबी फातिमाचं नाव आपल्या किनाऱ्यावर आलं त्यालाही हजार वर्षांवर काळ लोटला. अल मसूदी हा अरब प्रवासी 915-16 च्या सुमारास चौलला आला तेव्हा तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते आणि राज्य होतं शिलाहार झंझ राजाचं. त्याच शिलाहारांच्या घराण्याने आमच्या अंबरनाथ पूर्वेला, वालधुनीच्या काठी, काळ्या पाषाणाचं शिवमंदिर उभारलं. तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे 1060 साल कोरलेलं आहे. ते शिखर चढत होतं तेव्हा तिकडे कैरोत फातिमांच्या नावाचं फातिमी घराणं राज्य करत होतं. चौल, सोपारा, ठाण्याच्या बंदरांत अरबांची गलबतं लागत होती. गलबतांबरोबर माणसं आली, माणसांबरोबर लेकींची नावं आली. पुढे मोहरममधला पंजा महाराष्ट्राच्या गावोगावी पोचला. ज्या गावात मुसलमानाचं एकही घर नाही तिथेही तो बसतो, आणि सांगलीकडच्या कडेगावचे उंचच उंच ताबूत तर हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. पंजाची पाच बोटं म्हणजे पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन. पाचांत बाई एकच, आणि बाकीचे चौघे तिच्याच नात्याने एका घरात बांधलेले: बाप, नवरा, दोन लेक.

इतका मान मिळाला की एक धोका असतो. पूजेच्या जागी बसवलेल्या बाईला आपण हळूहळू मुकी करतो. सहनशील, सोशिक, कधी तक्रार न केलेली, अशी तिची मूर्ती घडवतो आणि मग त्या मूर्तीकडे बोट दाखवून घरातल्या बायांना म्हणतो, बघा, तिने सोसलं, तुम्हीही सोसा. बीबी फातिमाच्या नावाने असं सांगणारे मी ऐकलेत, आणि ते ऐकून मला वाईट वाटतं. कारण त्यांची खरी गोष्ट तशी नाहीच. त्या गेल्या होत्या. घट्टे पडलेले हात घेऊन, घरच्या माणसाशी बोलून, भर दिवसा गेल्या आणि मला हे झेपत नाही असं सांगितलं. त्या न मागता गुपचूप दळत राहिल्या असत्या तर तस्बीह-ए-फातिमा जगाला मिळालीच नसती. पैगंबरांच्या निधनानंतरही फदकच्या जमिनीचा हक्क त्यांनी खलिफांपुढे मांडला. तो मान्य झाला नाही, त्यावरून मतं वेगवेगळी आहेत आणि राहतील. पण हक्क वाटला तिथे त्या बोलल्या, हे सगळेच सांगतात. काबापाशी मातबरांना खडसावणारी पोर मोठेपणी गप्प होईलच कशी?

हेच नाव धारण केलेली एक बाई पुण्यात होऊन गेली. घर सोडावं लागलेल्या जोतिराव-सावित्रीबाईंना ज्या उस्मान शेखांनी गंज पेठेत आसरा दिला, त्यांच्या घरातली फातिमा शेख. मुलींच्या शाळेत सावित्रीबाईंबरोबर ती शिकवायला उभी राहिली. सावित्रीबाई आजारपणात नायगावला माहेरी होत्या तेव्हा, ऑक्टोबर 1856 मध्ये, त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं. त्यात त्यांना काळजी होती ती अशी की, आपल्यामागे फातिमावर कामाचा भार पडत असेल आणि ती मात्र कुरकुर करायची नाही. त्या पत्रात मला फातिमाच्या न कुरकुरण्याहून मोठी गोष्ट वाटते ती सावित्रीबाईंची नजर. न सांगता तिचे कष्ट त्यांनी ओळखले. कुरकुर न करणारीची काळजी कुणीतरी करायला हवी, आणि ती आजारी बाईने अंथरुणावरून केली.

आमच्याकडे संध्याकाळी पिठाच्या गिरणीपुढे डब्यांची रांग लागते. लोकलमधून उतरलेल्या, औद्योगिक वसाहतीतून सुटलेल्या बाया पर्स खांद्याला तशीच ठेवून डबा पुढे सरकवतात. जात्याचे कष्ट गिरणीने घेतले. पण त्या डब्यामागे उभी राहणारी बाईच असते, आणि घरी जाऊन त्या पिठाची पोळी करणारीही तीच. तिच्या हाताला खुंट्याचा घट्टा नाही. मान आखडलेली आहे, टाचा दुखताहेत, झोप अपुरी आहे. ती कुणाकडे मागायला जाते? आणि गेली तर कोण ऐकतं?

हजरत आयेशा सांगत की फातिमा आल्या की पैगंबर जागचे उठत, पुढे होऊन त्यांचं चुंबन घेत आणि आपल्या जागेवर त्यांना बसवत. लेकी जिवंत पुरल्या जात होत्या त्या मुलखात एक बाप लेक आली म्हणून उठून उभा राहत होता. शेवटच्या दुखण्यात त्यांनी फातिमांच्या कानात काही सांगितलं, त्या रडल्या. पुन्हा काही सांगितलं, त्या हसल्या. पुढे त्यांनी उलगडा केला: आधी वडिलांनी आपला शेवट जवळ आल्याचं सांगितलं होतं, मग म्हणाले, घरातल्यांत मला सगळ्यांत आधी भेटायला तू येशील. तसंच झालं. 632 मध्ये पैगंबर गेले आणि काही महिन्यांतच फातिमाही गेल्या. दफन रात्री झालं, आणि कबर नेमकी कुठे यावर आजही एकमत नाही.

नाव मात्र घरोघरी आहे. लेकीचं नाव फातिमा ठेवणं, पंजापुढे हात जोडणं, शंभराचा जप करणं, हे सगळं चांगलंच. पण त्या घरातून घ्यायचं ते याहून अवघड आहे. लेक, सून, बायको काही मागायला आली तर आधी तिचे हात पाहावेत. देता येत असेल ते द्यावं. आणि कुणाची भूक तिच्या गरजेहून मोठी म्हणून नाही म्हणायची वेळ आलीच, तर ते ‘नाही’ निरोपाने कळवू नये. त्याच रात्री उठून तिच्या घरी जावं, तिच्याजवळ बसावं आणि स्वतःच्या तोंडाने सांगावं.