कोऱ्या कागदाचे गणित

कोऱ्या कागदाचा मला लहानपणापासून लोभ आहे. नवा कागद हाती आला की त्यावर लिहिण्याचे धैर्यच होत नसे. नुसता हात फिरवीत बसावे, असे वाटे. त्या काळी घरोघरी फुलस्केप असे. तो मोठा उंच आणि ऐटदार. पण मधोमध दुमडला की अगदीच बुटका दिसे. ए-४ कागदाचे तसे नाही. तो दुमडा, पुन्हा दुमडा. आकार लहान होतो, पण रूप तेच राहते.

यातील रहस्य तुम्हीच पडताळून पाहा. कागदाची आखूड कड लांब कडेवर टेकवून तिरपी घडी घाला. आता दुसऱ्या ए-४ कागदाची लांब कड त्या घडीशी जुळवा. दोन्ही सारख्याच भरतील! रुंदीवर चौरस काढला, तर त्याचा कर्ण हीच कागदाची लांबी. जर्मनीतील प्राध्यापक लिख्टेनबर्ग यांनी १७८६ साली एका पत्रात या प्रमाणाचा गुण सांगितला होता. परंतु वॉल्टर पोर्स्टमन यांच्या योजनेवरून जर्मनीने ही मापे ठरविली, ती १९२२ साली. पुढे १९७५ मध्ये ती आंतरराष्ट्रीय झाली.

या घराण्याचा मूळ पुरुष ए-०. त्याची रुंदी ८४१ मिलिमीटर, लांबी ११८९ मिलिमीटर आणि क्षेत्रफळ जवळजवळ एक चौरस मीटर. त्याचे निम्मे ए-१, त्याचेही निम्मे ए-२. असे करीत चौथ्या पिढीत २१० बाय २९७ मिलिमीटरचा आपला ए-४ जन्मतो. एका ए-० मधून असे १६ कागद निघतात. म्हणून चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचा एक ए-४ पाच ग्रॅम भरतो. तराजूवाचून वजन कळते!

आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी एका अबोल मुलाने ए-४ कागदावर आपल्या गावाचा नकाशा काढला होता. त्यात नदी होती, देऊळ होते आणि अगदी काठाशी त्याचे स्वतःचे घर होते. नकाशा मोठा करताना कड कापली जाईल आणि आपले घर नाहीसे होईल, अशी त्याला धास्ती होती. पण झेरॉक्स यंत्रातून ए-३ कागदावर सारा गाव जसाच्या तसा उतरला. काठावरचे घर शाबूत पाहून तो मुलगा मोकळेपणी हसला.

मापे म्हणजे रुक्ष आकडे, असे आपण समजतो. परंतु विचारपूर्वक ठरविलेल्या मापात काठावरच्यालाही जागा मिळते.