'एनॉर्मस' आणि सुताराचा गुण्या

इंग्रजी भाषेंत मोठेपणा दाखविणारीं विशेषणें पुष्कळ आहेत. 'जायगँटिक' हें ग्रीक पुराणांतील राक्षसांवरून आलें; 'मॅमथ' हें हिमयुगांतील केसाळ हत्तीवरून. परंतु 'एनॉर्मस' ह्या शब्दाचें मूळ सुताराच्या हत्यारांत आहे. लॅटिन भाषेंत 'नॉर्मा' म्हणजे काटकोन तपासावयाचा गुण्या. त्यावरून पुढें 'नियम' असा अर्थ झाला. गुण्याला धरून असेल तें 'नॉर्मल'. गुण्याबाहेर गेलें तें 'एनॉर्मस'.

सोळाव्या शतकांत हा शब्द इंग्रजींत रुळला, तेव्हां तो रीत सोडून असलेल्या, विशेषतः अनीतीच्या वर्तनालाहि लावीत. पुढें विशेषणाला प्रचंड आकाराचा अर्थ चिकटला. 'एनॉर्मिटी' ह्या नामांत मात्र घोर दुष्कृत्याचा अर्थ राहिला. आज कित्येक लेखक तें नाम नुसत्या मोठेपणासाठींहि वापरतात. तरी परीक्षकाची तांबडी शाई तेथें अजून थांबते. माझीहि थांबली होती.

कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें आपल्या वडिलांवर इंग्रजी निबंध लिहिला. त्यांत 'माझ्या वडिलांच्या दयेची एनॉर्मिटी' असे शब्द होते. निबंध पुरा वाचण्यापूर्वींच मीं तें वाक्य वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविलें व म्हणालों, "ह्याच्या वडिलांची दया म्हणजे घोर अपराध आहे बरें!" वर्ग हंसला. मुलगा खालीं मान घालून बसला. पुढचें वाक्य रात्रीं घरीं वह्या तपासतांना माझ्या दृष्टीस पडलें. मुलाची फी भरण्यासाठीं वडिलांनीं आपलीं हत्यारें गहाण ठेविलीं होतीं.

त्याच आठवड्यांत शाळेचीं बांकें दुरुस्त करावयास एक सुतार आले. हे त्या मुलाचे वडील, असें शिपायाकडून कळलें. त्यांच्यापाशीं कोणाची तरी मागून आणलेली करवत व स्वतःचा एक जुना लांकडी गुण्या होता. वर्गांतील प्रकार त्यांच्या कानीं गेला नव्हता. बांकाच्या पायाला गुण्या लावीत ते सहज म्हणाले, "मास्तर, रेघ चुकली तर पुसता येती, पर लाकूड चुकून कापलं, तर मग काय करायचं?" मी कांहींच बोललों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं फळ्यावर गुण्याचें चित्र काढिलें, शब्दाचा इतिहास सांगितला, आणि वर्गासमक्ष त्या मुलाची क्षमा मागितली. त्याची चूक एका नामाची होती. माझें बोलणेंच गुण्याबाहेरचें होतें.

थोड्या वेळानें त्यानें हळूच विचारलें, "सर, मग बाबांच्या दयेला काय म्हणूं?"

"'एनॉर्मस' म्हण," मीं सांगितलें. १६६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'पॅरडाइज लॉस्ट' ह्या काव्याच्या पांचव्या सर्गांत मिल्टननें एदेन बागेंतील आनंदाला हेंच विशेषण लाविलें आहे. नियमाबाहेर जातें तें सगळेंच वाईट नसतें. स्वतःचीं हत्यारें देऊन मुलाला शिकविणारें प्रेमहि कोणत्याच मापांत बसत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा, हें मी तुम्हांस रोज सांगतों. तो कोणापुढें व कसा उच्चारावा, हें मला एका सुतारानें शिकविलें.