आईच्या लुगड्याचा रंग

ऑगस्ट २०१९ चा महापूर ओसरल्यावर प्रयाग चिखलीला माहेरी गेले, तर पत्र्याच्या ट्रंकेतल्या फोटोंचा नुसता लगदा झाला होता. त्यातून धड निघाला तो आईचा एकच फोटो. तोही गालावर चिखलाचा डाग पडलेला, कोपऱ्याचा पापुद्रा सुटलेला. आई तर त्याआधीच गेलेली.

शिवाजी पेठेत परतल्यावर तो एकाकडे दुरुस्तीला दिला. त्यानं चेहरा असा गुळगुळीत करून दिला, की कपाळावरचं गोंदणच पुसलं गेलं! आमचे हे म्हणाले, "बाबूराव पेंटरांच्या गावात राहतेस. त्यांनी कॅमेरा स्वतः बनवला, तुला एक फोटो नीट करता येणार नाही?" चेष्टाच ती, पण मी मनावर घेतली.

लेकाच्या जुन्या लॅपटॉपवर शिकले. 'गिंप' नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यावर डाग काढले, गोंदण राखलं. पडद्यावर लुगडं छान हिरवंगार दिसत होतं. छापून आणलं तर पिवळट! मावशीनं फोटो हातात घेतला नि म्हणाली, "आक्काचं लुगडं न्हवं गं हे." पडदाच मुळात निळसर दाखवायचा, म्हणून मी आपली पिवळा रंग चढवत गेले होते.

भिशी लागल्यावर नवा संच घ्यायचं ठरवलं. दुकानदारानं रंगीत दिवे लुकलुकणारं यंत्र पुढं केलं. "वैनी, ग्राफिक्स कार्ड मोठं घ्या, पुन्हा बघायला नको." मी विचारलं, "आणि पडदा?" तर म्हणतो, "पडदा काय, कुठलाबी चालतोय की!" तिथंच मी पाय मागे घेतला.

मैत्रिणींनो, फोटोच्या साध्या कामाला मोठं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते खेळांना आणि व्हिडिओला. त्याचे वाचलेले पैसे पडद्यात घाला. पडदा 'आयपीएस' जातीचा असावा, म्हणजे बाजूनं पाहिलं तरी रंग फिरत नाहीत. आणि 'एसआरजीबी' रंग जवळजवळ शंभर टक्के दाखवतो का, हे खोक्यावर वाचून घ्या. रॅम १६ जीबी आणि साठवणीला ५१२ जीबीची एसएसडी पुरे. जागा असेल तर लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉप बरा. तेवढ्याच पैशांत जास्त मिळतं आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. वीज जाते तिथं यूपीएस हवाच.

मोबाइलनं फोटोचा फोटो काढू नका, चकाकी येते. साधा सपाट स्कॅनर घ्या. ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला, की सुमारे ८६ लाख ठिपक्यांचं चित्र मिळतं. ते 'टिफ' स्वरूपात ठेवा आणि मूळ स्कॅनला हात न लावता त्याच्या नकलेवर काम करा. पडद्यावर खिडकीचा उजेड पडू देऊ नका. पडदा फार उजळ ठेवला, तर छापलेला फोटो काळपट येतो. हे मी दोनदा पैसे घालवून शिकले.

दुसऱ्यांदा छापलेला फोटो मावशीपुढे ठेवला. बराच वेळ ती काही बोलली नाही. गोंदणावर बोट ठेवलं, लुगड्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आज जेवूनच जाते गं."

आता एक प्रत माझ्या संगणकात आहे, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, ननंदेच्या घरी. सगळं एकाच ट्रंकेत ठेवायचं नसतं, एवढं पुरानं मला शिकवलं.