आवाजाआधी शेपटी बघ

सातारा

चि. सानिकास,



तू पाठवलेलं तुझ्या लेपर्ड गेकोचं, म्हणजे त्या पाळीव पालीचं, रेकॉर्डिंग कान देऊन ऐकलं. दोन बारीक टक्‌-टक्‌ आणि मग एक चिरका ‘चीं’. ‘आत्या, तो आता माझ्याशी बोलायला लागलाय,’ असं तू किती आनंदानं म्हणालीस! तुझा आनंद मोडावा असं वाटत नाही, पण खरं तेच सांगते. तो बोलत नव्हता, भीतीनं ओरडत होता. तुझ्या मायेत काही उणं नाही. त्याच्या जगात आवाज कशासाठी असतो, तेवढं तुला कळायला हवं.

आपल्याला पाल म्हटली की भिंतीवरची आठवते. कुणी काही बोलत असताना ती चुकचुकली की तुझी आजी बोटानं जमिनीवर टकटक करून ‘खरं आहे’ म्हणायची. पंचांगात तर पाल अंगावर पडण्याची फळंही छापलेली असतात. एवढी पालीची आपल्या घरात ऊठबस! पण ती आपल्यासाठी चुकचुकत नाही, दुसऱ्या पालींसाठी चुकचुकते. घरपालीच्या आवाजांवर १९७४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आवाजांचे तीन प्रकार वेगळे काढले होते. एक सलग चुकचुक, ही आपण रोज ऐकतो ती. दुसरा संकटातला एकटा चित्कार आणि तिसरा झटापटीतली गुरगुर. बहुतेक सरडे मुकेच असतात, पालींच्या कुळात मात्र कंठ चांगला चालतो.

तुझा लेपर्ड गेको त्याच कुळाच्या जवळचा, पण त्याची राहणी वेगळी. एडवर्ड ब्लाइथनं १८५४ साली पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतून, म्हणजे आजच्या पाकिस्तानातून, त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. त्याचा एक भाऊबंद आपल्या महाराष्ट्रातही कोरड्या, खडकाळ भागात राहतो. लोक त्याला विषारी समजून ठेचतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्याला विष नाही. त्याच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, म्हणून तो भिंत चढत नाही. दिवसा दगडाखाली किंवा बिळात राहतो आणि अंधार पडला की जमिनीवर फिरतो. कोल्हा, घुबड, साप असे सगळेच जिथं हिंडतात, तिथं जमिनीवर राहून उगाच आवाज करणं त्याला परवडत नाही. म्हणून तो गप्प असतो, आणि अगदी गळ्याशी आलं की ओरडतो. पिल्लं तर जास्तच. चारी पायांवर ताठ उभी राहतात, पाठ कमानीसारखी वाकवतात, तोंड वासतात आणि एवढ्याशा देहातून अशी किंचाळी काढतात की धरणारा दचकून हात सोडतो. त्यांना तेच हवं असतं. मोठी झाली, माणसाच्या हाताची सवय झाली की हे बहुधा थांबतं. तुझा मोठा झाला तरी ओरडतोय, म्हणजे त्याला तुझा हात अजून परका आहे.

ओरडण्याच्या आधी मात्र तो बरंच काही सांगून चुकलेला असतो, आणि ते सगळं शेपटीनं. शेपटी वर उचलून सापासारखी संथ डोलवली, तर ‘जवळ येऊ नकोस’. तिथंच हात मागे घे, पुढचा ‘चीं’ येणारच नाही. शिकार दिसली की शेपटीचं टोक वळवळतं. तो राग नाही, भूक आहे. आणि रात्री पेटीतून ‘खर्रर्र’ असा खुळखुळ्यासारखा आवाज येतो म्हणालीस ना, तो गळ्यातून येतच नाही. नराला मादीची चाहूल लागली की तो शेपटीचं टोक अतिशय वेगानं थरथरवतो आणि ते तू अंथरलेल्या वर्तमानपत्रावर आपटतं.

आता मला काळजी वाटते ती इथं. पुण्याहून आणलेले दोन्ही गेको तू एकाच पेटीत ठेवले आहेस. धाकटी मादी असेल, तर तिच्यामागे सतत नर लागणं तिला झेपणार नाही. धाकटा नर निघाला, तर दोघं एकमेकांना फाडतील. आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. हे प्राणी एकमेकांना कातडीवरच्या गंधद्रव्यांनी ओळखतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की एरवी जिच्याशी नर प्रणय करतो, तीच मादी कात टाकत असताना तो तिच्यावर हल्ला करतो. तेव्हा धाकटीचं अंग पांढुरकं दिसायला लागलं आणि त्याच रात्री चिरकणं ऐकू आलं, तर काय चाललंय ते तुला लगेच कळायला हवं.

प्रत्येक आवाज त्यांचाच असेल असंही नाही. खाद्य म्हणून डब्यात ठेवलेले रातकिडे पंख घासून रात्रभर किरकिरतात. आधी तो डबा दुसऱ्या खोलीत नेऊन बघ.

एका आवाजाला मात्र मी खरोखर भिते. हात लावलेला नाही, समोर कुणी नाही आणि तरी प्रत्येक श्वासाबरोबर बारीक टिक्‌ किंवा घुर्रर्र येतंय, नाकपुडीवर बुडबुडा आहे, तोंड उघडंच राहतंय, तर तो फुप्फुसाचा आजार असू शकतो. या प्राण्यांना स्वतःची ऊब नसते. पेटीची एक बाजू साधारण ३१-३२ अंशांवर हवी, म्हणजे अन्नही पचतं आणि रोगाशी लढताही येतं. तुमच्या सांगलीत डिसेंबरच्या रात्री वीज गेली आणि हीट मॅट तासन्‌तास बंद राहिली, की दुखणं तिथून सुरू होतं. अशा वेळी घरगुती उपाय नकोत. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचा नंबर आजच शोधून पेटीवर चिकटवून ठेव. आवाज तुझ्या हातामुळे येतो की श्वासाबरोबर येतो, एवढा एकच प्रश्न विचारायची सवय लाव.

त्याला ऐकू काय येतं, हेही तू विचारलं होतंस. डोक्याच्या दोन्ही बाजूंना भोकं दिसतात ना, ते त्याचे कान. शिवाय २०२४ साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी टोके जातीच्या पालीत दाखवून दिलं, की तोल सांभाळणारा आतल्या कानाचा एक भाग जमिनीतून किंवा वस्तूतून येणारी ५० ते २०० हर्ट्‌झची कंपनंही टिपतो. आपण ज्याला नुसता धक्का म्हणू, तो त्यांना कानाच्या वाटेनंच जाणवतो. तुझी पेटी फ्रीजला टेकून आहे आणि गणपतीत खिडकीखालून डीजे जातो. पेटी आतल्या खोलीत हलव, खाली जाड रबर घाल.

आवाजाविनाही भीती कशी ओळखायची, हे कळावं म्हणून मी तुला चाळकेवाडीला नेणार आहे. ठोसेघरच्या पुढे ते पवनचक्क्यांचं पठार आहे. तिथल्या दगडांखाली राहणारी एक पाल वरद गिरी आणि एरन बाउअर यांनी २००८ साली जगासमोर आणली. तिच्या शास्त्रीय नावात आपला सातारा आहे, हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. म्हणून सांगते, तिथं गेल्यावर एकही दगड उलटायचा नाही. त्याच पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी गळ्याला निळ्या-काळ्या-केशरी रंगाचा पंखा असणाऱ्या सरड्यांचा अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते. तिथल्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी सापडलं, आणि माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नव्हते. हा सरडा तोंडातून ब्रही काढत नाही. तो किती अंतरावरून पळतो, यावरूनच त्याची भीती मोजली गेली.

तूही तेच कर. रोज दिवेलागणीनंतर पेटीत हात सपाट ठेव, त्याला उचलू नकोस. शेपटी वर आली तेव्हा हात किती लांब होता, ते पट्टीनं मोजून वहीत लिही. अंतर कमी होत गेलं, तर समज की हाताची ओळख पटतेय. त्याच्या गप्प राहण्यानं हिरमुसू नकोस. तुझ्या तळव्यावर येऊन तो स्वस्थ बसला, डोळे मिटले, जिभेनं डोळा चाटला, तर त्याहून मोठी पावती तो देऊ शकत नाही. आणि ही जोडी पिंजऱ्यातच जन्मलेली असल्याचं तुला सांगितलंय, तरी कागद घेऊन सांगलीच्या वन विभागाच्या कार्यालयात एकदा जाऊन ये. रानातला प्राणी आपल्या हौसेपायी घरात यायला नको.

अंतरांचे आकडे पुढच्या रविवारी फोनवर सांग. दुसरी पेटी मात्र रविवारची वाट न बघता आजच आण. पैसे कमी पडले तर दादाला माझं नाव सांग.

तुझी,
आत्या