पाय न टेकवता

मोटरसायकलच्या ट्रायल्समध्ये कुणी कुणाला मागे टाकत नाही. ओढ्यातल्या गोट्यांवरून, झाडांच्या उघड्या पडलेल्या मुळांवरून, कमरेइतक्या उंच दगडावरून गाडी न्यायची ती माणसाच्या चालीनं, कधी त्याहूनही हळू, आणि सगळा वेळ दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवायचे. पाय एकदा टेकला की एक गुण लागतो, दोनदा टेकला की दोन, तीनदा किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तरी तीन. गाडी पडली किंवा आखलेल्या हद्दीबाहेर गेली तर पाच; आमच्या क्लबात नुसतं थांबलं तरी पाच. पाय न टेकता पार झालात तर शून्य. इथली सगळी धडपड त्या शून्यासाठी असते. संध्याकाळी ज्याच्या कार्डावर सर्वांत कमी गुण, तो जिंकला.

मी हा खेळ वयाची पंचावन्न उलटल्यावर सुरू केला. वाईला कॉलेजात असताना लुना चालवली होती. त्यानंतर यॉर्कशरला आले, इथल्या इस्पितळातल्या पाळ्या करत राहिले आणि दुचाकीला कितीतरी वर्षं हात लागला नाही. हिवाळ्यातल्या एका रविवारी माळावर फिरताना ओढ्याकाठी काही माणसं गप्प उभी दिसली. इंजिनाचा आवाज येत होता, पण तो कुठून कुठे धावत जाणारा नव्हता. एका जागी दबून गुरगुरायचा, क्षणभर उसळायचा, पुन्हा खाली बसायचा. जवळ गेले तर पांढऱ्या केसांचा एक माणूस पाण्यातून वर येत होता. त्याच्या चेहऱ्यावर कसलीच घाई नव्हती. गाडी त्याच्याखाली वाकत होती, वळत होती आणि तो तिच्यावर सरळ उभा होता. शेवटच्या खुणेपाशी पोचल्यावर काठावरच्या एकानं हाताची मूठ वर केली. मूठ म्हणजे शून्य. मला हे शिकायचं आहे, हे मला तिथेच कळलं, आणि या वयात कशाला, हा प्रश्न तेव्हाही मनात आला नाही.

गाडीविषयी सांगायलाच हवं, कारण तिच्या घडणीतच हा सगळा खेळ सामावलेला आहे. तिला सीट नसते. बसायचं नाहीच, तर हवी कशाला. वजन सत्तर किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या ओळखीच्या बुलेटच्या निम्म्याहूनही कमी. पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरची, हँडल इतकं वळतं की गाडी जवळजवळ स्वतःभोवती फिरते. क्लच एका बोटानं ओढायचा. उरलेल्या बोटांनी हँडल धरून ठेवायचं. मागच्या टायरात हवा असते चार-पाच पीएसआय. मोटारीत तीसच्या आसपास भरतात, हे लक्षात घेतलं की या टायरची मऊ चाल कळते. तो दगडावरून उडत नाही, अनवाणी तळव्यासारखा दगडाला बसतो. बहुतेक गाड्या टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालायचं. इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा तो निळसर धूर नाकात गेला आणि वाईच्या पंपावर लुनासाठी ‘ऑइल मिक्स’ मागणारी मी कितीतरी वर्षांनी मला भेटले.

बुलेटचं नाव निघालंच आहे. आपल्या गावोगावच्या रस्त्यांवर जिचा आवाज वळणाआधी ओळखू येतो, ती बुलेट ट्रायल्सच्या चिखलातून आलेली आहे. मागच्या चाकाला सस्पेन्शन असेल तर पकड कमी होते, अशी त्या काळात इथल्या जाणत्या चालकांची पक्की समजूत होती. १९४८ साली रॉयल एनफिल्डनं मागे सस्पेन्शन दिलेली ३५० सीसीची नवी बुलेट मुद्दाम एका ट्रायलमध्येच उतरवून दाखवली. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, जॉनी ब्रिटननं बुलेटवर ‘स्कॉटिश सिक्स डेज’ ही स्पर्धा जिंकली. फोर्ट विल्यमच्या डोंगरांतली ही सहा दिवसांची परीक्षा १९०९ पासून चालत आली आहे आणि या खेळात तिच्याइतका मान दुसऱ्या कशाला नाही. १९५५ मध्ये बुलेट मद्रासला बनू लागली आणि मग आपली झाली. कराड-साताऱ्याच्या रस्त्यावर दुधाच्या किटल्या लटकवून जाणाऱ्या त्या गाड्यांमागे स्कॉटलंडचे ओढे होते, हे मला इथे येऊन समजलं आणि फार आनंद झाला.

शिकवणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. त्यांनी मला पहिले कित्येक आठवडे दगडाजवळ जाऊ दिलं नाही. सपाट गवतावर चार खुणा ठोकल्या आणि म्हणाले, “वर्तुळ काढा. थ्रॉटलला हात लावू नका. इंजिन आपोआप जेवढं ओढेल तेवढंच.” हे वर्तुळ म्हणजे या खेळाची बाराखडी आहे. रस्त्यावर आपण वळणात गाडीबरोबर आत झुकतो; अंगात ते इतकं मुरलेलं असतं की त्याला शिकणं म्हणावं हेही सुचत नाही. ट्रायल्समध्ये गाडी आत झुकवायची आणि आपण बाहेर राहायचं. वळण डावीकडे तर भार उजव्या पायावर, कंबर उजवीकडे, डावा हात सरळ, नजर खांद्यावरून वळणाच्या शेवटाकडे. गाडी एका बाजूला, देह दुसऱ्या बाजूला, आणि त्या दोघांच्या मधोमध कुठेतरी तोल. तो हातात येत नाही, डोक्यानं सापडत नाही. पण एखाद्या सकाळी, गवतावर दव असताना, तो येतो. हँडल पूर्ण वळलेलं असतं, इंजिन अगदी मंद बोलत असतं, चाक आपल्याच मागच्या ओल्या रेषेवरून जातं, आणि घोट्यापासून मानेपर्यंत कुठेही ताण नसतो. तीस वर्षं उभं राहून काम केलेल्या माझ्या पायांना उभं राहण्याचा हा अर्थ कुणी सांगितला नव्हता.

“पुढच्या चाकाकडे पाहू नका,” हे त्यांचं दुसरं सांगणं. “ते जिथे आहे तिथे पोचून झालंय.”

माणसाचा तोल तीन ठिकाणांहून सांभाळला जातो: डोळे, आतला कान आणि स्नायू-सांध्यांतून, तळव्यांतून येणारी जाणीव. वय वाढतं तशी ही जाणीव मंदावते आणि आपण डोळ्यांवर जास्त विसंबू लागतो. म्हणूनच अंधारात वयस्क माणूस अडखळतो. पण सरावानं तोल बऱ्याच अंशी परत मिळवता येतो, हे मी इस्पितळात रुग्णांना सांगत आले आहे. ते माझ्या स्वतःच्या तळव्यांनी मला फूटरेस्टवर सांगितलं. दगड कसा आहे, कुठे सैल आहे, हे पाय डोळ्यांच्या आधी ओळखू लागले.

आणि जमीन वाचणं. हा भाग मला सर्वांत प्रिय आहे. गाडी बाजूला लावून प्रत्येकानं सेक्शन, म्हणजे खुणांनी आखलेला अवघड टप्पा, आधी चालून पाहायचा असतो. लाल खूण उजवीकडे, निळी डावीकडे, त्यांच्या मधून वाट. चालताना लोक बोलत नाहीत. कुणी बुटानं दगड हलवून पाहतं, कुणी खाली बसून हात लावतं. इथला ग्रिटस्टोन खरखरीत, पावसातही टायर धरतो. पलीकडच्या खोऱ्यातला चुनखडक मात्र भिजला की घसरतो. मी सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेली; श्रावणात त्यावर शेवाळ कुठे धरतं आणि कुठे नाही, हे लहानपणी पाण्याला जाताना कळलेलं. ते ज्ञान इतक्या दूर, दुसऱ्याच दगडावर, उपयोगी पडलं. तरुण मुलं सेक्शन भराभर पाहून येतात आणि अंगाच्या जोरावर चढतात, चढतातही. उशिरा आलेल्यांकडे तो जोर नसतो, म्हणून त्यांना पाहावं लागतं. डाव्या मुळाच्या वर बोटभर माती आहे, तिथे चाक ठेवलं तर उडी मारावी लागणार नाही, हे ज्याला दिसलं त्याचं अर्धं काम झालं. माझं ठाम मत आहे की उशिरा सुरुवात करणाऱ्याला इतकी समान संधी देणारा मोटरसायकलचा दुसरा खेळ नाही. अनेक क्लबांत चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्यांचे वेगळे गट असतात, सोप्या वाटेच्या वेगळ्या खुणा असतात, जुन्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो. त्याच ओढ्यात आजोबा, मुलगी आणि नातू एकाच सकाळी उतरतात.

ही भूमीही तशीच आहे. इथून जवळच्या सिल्सडेनचं लॅम्पकिन घराणं: आर्थर, अ‍ॅलन आणि मार्टिन, तिघाही भावांनी स्कॉटिश सिक्स डेज जिंकलेली. १९७५ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं तेव्हा पहिला मान मार्टिनचा. त्याचा मुलगा डगी यानं २०१६ मध्ये आइल ऑफ मॅनचा सदतीस मैलांहून लांब रस्ता एका चाकावर पूर्ण केला. स्पेनच्या लाया सांझनं स्त्रियांचं जागतिक अजिंक्यपद तेरा वेळा मिळवलं. तिचे व्हिडिओ मी रात्री पाहते. तिचे खांदे किती सैल असतात, तेवढंच पाहते.

पडणं आहेच, ते लपवू नये. वेग नसतो, म्हणून बहुतेकदा गाडी सोडून नुसतं उतरता येतं. मनगटाला दोरी बांधलेली असते, ती सुटली की इंजिन बंद होतं. तरी फूटरेस्ट नडगीवर बसतं, दगड दगडच असतो, आणि साठीकडे झुकलेली हाडं जपायला हवीत. हेल्मेट, उंच बूट, गुडघ्याचं पॅड यात काटकसर करू नये. एकटीनं सरावाला जाऊ नये. गाडी फार ताकदीची घेऊ नये. मऊ ओढीचं इंजिन नवख्याला समजून घेतं.

पण मला शेवटी बोलायचं आहे ते काठावर उभ्या असलेल्या माणसाविषयी. त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात. तो स्वयंसेवक असतो. पावसात, वाऱ्यात, डब्यातला गार झालेला चहा पीत तो दिवसभर एकाच सेक्शनपाशी उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाचे पाय बघतो. जगज्जेता होऊ शकणारा मुलगा आणि माझ्यासारखी नवखी बाई, दोघांकडे तो सारख्याच लक्षानं बघतो. इतक्या निःस्वार्थ लक्षानं आपल्याकडे कुणी पाहावं, हे या वयात क्वचित वाट्याला येतं. त्यानं बोटं वर केली की वाद नाही. ज्या दिवशी मी चालवत नाही, त्या दिवशी मी कार्ड घेऊन उभी राहते, आणि खरं सांगायचं तर मी चालवायला जेवढी गवतावर शिकले तेवढीच इथे. ओळीनं येणारे पाय पाहिले की कळतं, कुठे श्वास अडकतो, कुठे नजर खाली जाते, आणि पाय टेकण्याच्या किती आधी तोल गेलेला असतो.

म्हणून हे वाचून कुणाला, ब्रिटनमध्ये किंवा स्पेनमध्ये राहणाऱ्या कुणा पन्नाशी-साठीच्या मराठी माणसाला, सुरुवात करावीशी वाटली, तर आधी गाडी विकत घेऊ नका. जवळच्या क्लबाला फोन करा आणि येत्या रविवारी एका सेक्शनवर उभं राहायला मागा. जाड मोजे घाला, डबा घेऊन जा. ते नाही म्हणणार नाहीत. ऑब्झर्व्हर नेहमीच कमी पडतात.