कडेगावला धाडलेली खुंबूची पत्रे

लुकला, उंची २,८६० मीटर

ती. आबांस सा. न. वि. वि.

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक पूर्व नेपाळच्या खुंबू भागात होतो. लुकल्याला सुरू होतो, दूधकोशी नदीच्या काठाने वर सरकतो, ५,३६४ मीटरवरच्या तळछावणीला पोचतो आणि आल्या वाटेने परत लुकल्याला येतो. जाऊन-येऊन सुमारे १३० किलोमीटर, दिवस बारा-तेरा. दोर, बर्फकुऱ्हाड, ऑक्सिजनची नळकांडी यांतले काहीच लागत नाही. वाट रुळलेली आहे, झुलते पूल भक्कम आहेत, रोज संध्याकाळी लॉजचे छप्पर आणि गरम जेवण मिळते. वासोटा किल्ल्याचा चढ ज्याच्या पायाखालचा आहे, त्याला इथला एकही दिवस निव्वळ चालीच्या दृष्टीने जड जाणार नाही. जड जाते ती हवा. मुक्काम कुठे करायचा, किती चालायचे, काय खायचे, वाटाड्याने कशावर डोळा ठेवायचा, हे सगळे त्या विरळ हवेभोवतीच बेतलेले असते.

भारतीय नागरिकाला नेपाळात व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. कडेगाव-कराडकडचे लोक पुण्या-मुंबईहून विमानाने काठमांडू गाठतात, किंवा रेल्वेने गोरखपूर आणि तिथून सुनौलीची सीमा ओलांडून बसने. काठमांडूच्या विमानतळावर गर्दी फार झाल्यामुळे हंगामात लुकल्याची बहुतेक विमाने रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. मंथलीला पोचायचे तर मध्यरात्रीनंतर काठमांडू सोडून चार-पाच तास गाडीत बसावे लागते.

लुकल्याची धावपट्टी सव्वापाचशे मीटरच्या आसपास लांब आहे आणि सरळ सरळ चढणीवर बांधलेली आहे. विमान उतरते ते डोंगराकडे तोंड करून, चढावर धावत वेग कमी करते आणि दगडी भिंतीच्या अलीकडे वळते. उडताना हाच उतार उपयोगी पडतो. पट्टी संपते तिथे खाली दरीच असते. १९६४ साली एडमंड हिलरींनी शेर्पा शेतकऱ्यांकडून जमीन घेऊन ही पट्टी तयार करवली, शाळा-दवाखान्यांचे सामान आणता यावे म्हणून. माती दाबायला यंत्र नव्हते, तेव्हा गावकऱ्यांनी फेर धरून नाचत ती तुडवली असे सांगतात. २००८ पासून विमानतळाला तेनसिंग आणि हिलरी दोघांचेही नाव आहे.

पहिल्या दिवशी वाट चक्क खाली उतरते. फाकदिंगचा मुक्काम लुकल्यापेक्षा अडीचशे मीटर खाली आहे, आणि विमानाने एका दमात इतक्या उंचीवर आणून सोडलेल्या शरीराला तो फार मानवतो.

नामचे बाजार, उंची ३,४४० मीटर

ती. दादास सा. न.

मोंजो गावाच्या वेशीवर सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते. उद्यान १९७६ चे, आणि १९७९ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पुढे दूधकोशीवरचा उंच झुलता पूल, आणि पूल संपताच नामचेची चढण सुरू होते. पाइनच्या झाडांतून वळणे घेत एकदम सहाशे मीटर. नामचे हे शेर्पांचे व्यापारी गाव. घोड्याच्या नालासारख्या उतारावर निळ्या-हिरव्या छपरांची घरे, मधून पाण्याची धार, आणि शनिवारी भरणारा आठवडी बाजार.

उंची महाबळेश्वरच्या अडीचपट. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण इथेही २१ टक्केच असते, समुद्रकाठी असते तेवढेच. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे नामचेत प्रत्येक श्वासाबरोबर समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश ऑक्सिजन मिळतो आणि तळछावणीवर निम्म्याहून जेमतेम थोडा अधिक. शरीर आधी श्वास वाढवते, नाडी जलद करते, रात्री लघवीला वारंवार उठवते. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला मात्र आठवडे लागतात. जो चार दिवसांत पाच हजारांवर जातो, त्याच्या रक्ताला तेवढी सवड मिळालेली नसते.

म्हणून नियम असा: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच गावी काढायची. नामचेत दोन रात्री काढतात त्या यासाठी. मधला दिवस लोळून काढायचा नसतो. सकाळी चारशे मीटर वर स्यांगबोचेच्या माथ्यापर्यंत जायचे, एव्हरेस्ट, ल्होत्से आणि आमा दबलाम पाहायचे आणि झोपायला खाली यायचे. वरच्या हवेची चव घेऊन खाली झोपल्याने शरीर लवकर सरावते.

डोके दुखणे, भूक मरणे, मळमळ, झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणे. त्या अवस्थेत वर गेले तर आजार मेंदूत किंवा फुप्फुसांत उतरतो. मेंदूला सूज आली की माणूस झिंगल्यासारखा चालतो, सरळ रेषेत पाऊल पडत नाही. फुप्फुसांत पाणी झाले की बसल्या जागीही धाप लागते. दोन्ही जीवघेणी आहेत आणि दोन्हींवर खात्रीचा उपाय एकच, लगेच खाली उतरणे, रात्र असली तरी. डायमॉक्स या नावाने मिळणारी गोळी शरीराला सरावायला मदत करते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच.

चांगल्या वाटाड्याची परीक्षा इथेच होते. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकरांना परवानाधारक वाटाड्या सक्तीचा केला. खुंबूच्या स्थानिक पालिकेने तो नियम आपल्या हद्दीत लागू केला नाही. वाट चुकण्याचा धोका इथे फारसा नाहीच. वाटाड्या हवा तो चाल धरून ठेवायला आणि माणसाचा चेहरा वाचायला. "बिस्तारै, बिस्तारै" म्हणजे सावकाश, सावकाश, हे शब्द दिवसभर कानावर पडत राहतात. संध्याकाळी तो बोटाला ऑक्सिमीटर लावतो, जेवणाच्या ताटात किती उरले ते पाहतो, डोके दुखते का ते विचारतो. दिवाळीच्या सुट्टीत महाराष्ट्रातून मोठाले गट येतात. रजा मोजकी आणि पैसे भरलेले, त्यामुळे कित्येकजण डोकेदुखी लपवतात. हे लपवणे सर्वात धोक्याचे. तरुण आणि तगड्या माणसाला उंची लागत नाही, हा समजही खरा नाही. गड भराभर चढणारेच इथे घाई करतात आणि आडवे होतात.

तुलनेसाठी सांगायचे तर, दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातले कुस्को शहर जवळपास नामचेच्याच उंचीवर आहे, ३,४०० मीटर. माचू पिचूला जाणारे ट्रेकर बहुधा लिमाहून, म्हणजे समुद्रकाठावरून, विमानाने थेट तिथे उतरतात आणि पहिले दोन दिवस कोकाच्या पानांचा चहा पीत विसाव्यात काढतात. तिथली सालकांताय खिंड सुमारे ४,६०० मीटरची. ती ओलांडली की वाट झपाट्याने खाली जंगलात उतरते. खुंबूत चढ हळूहळू येतो, पण माणूस दिवसच्या दिवस वरच राहतो.

दोन्हीकडचे रहिवासी उंचीला सरावले तेही निरनिराळ्या तऱ्हेने. अँडीजमधल्या लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिन पुष्कळ वाढलेले असते, आणि ते प्रमाणाबाहेर गेले की रक्त घट्ट होऊन होणाऱ्या आजाराचे वर्णन पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२५ साली केले. शेर्पा आणि तिबेटी लोकांचे हिमोग्लोबिन त्या मानाने कमीच राहते. तिबेटी लोकांच्या जनुकांतले फरक २०१० सालच्या संशोधनातून पुढे आले.

तेंगबोचे, उंची ३,८६० मीटर

ती. आबांस सा. न.

नामचेहून निघालेली वाट नदीपर्यंत उतरते आणि मिळवलेली उंची पुन्हा चढायला लावते. वर धारेवर तेंगबोचेचा बौद्ध मठ. १९१६ च्या सुमारास बांधलेला, १९३४ च्या भूकंपात पडलेला, १९८९ च्या आगीत जळलेला आणि दोन्ही वेळा पुन्हा उभा केलेला. मठासमोर आमा दबलाम आणि नुप्त्सेच्या भिंतीमागून डोकावणारा एव्हरेस्ट दिसतो. शरद ऋतूत इथे मणि रिम्दू हा मुखवट्यांच्या नृत्याचा उत्सव होतो. वाटेवरच्या मंत्र कोरलेल्या शिळांना डाव्या बाजूने वळसा घालायचा, शिळा आपल्या उजव्या हाताला ठेवायच्या, ही इथली रीत सगळेच पाळतात.

दिंगबोचे, उंची ४,४१० मीटर

ती. सौ. आईस सा. न.

झाडे खाली राहतात. इथून पुढे सरपण नाही, म्हणून लॉजच्या मधल्या शेगडीत याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळतात. भिंतींवर थापून वाळवलेल्या गोवऱ्या गावभर दिसतात. संध्याकाळी सगळे त्या एका शेगडीभोवती बसतात. झोपायच्या खोल्यांत आग नसते आणि बाटलीतले पाणी रात्री गोठते. जसजसे वर जावे तसतसा उकळलेल्या पाण्याचा आणि फोन चार्ज करण्याचाही दर चढतो, कारण गॅसच्या टाकीपासून मिठाच्या पुडीपर्यंत सगळे पाठीवरून वर आलेले असते.

जेवण दालभाताचे, आणि वाढप पुन्हा मागता येते. पण शेर्पांच्या घरचे खरे अन्न बटाटा. अँडीजच्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी लागवडीला आणलेला हा कंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास खुंबूत पोचला आणि बघता बघता मुख्य पीक झाला. दगडी गडग्यांनी वेढलेल्या लहान तुकड्यांत तो लावतात आणि काढणीनंतर थंडीपासून वाचवायला खड्ड्यात पुरून ठेवतात. कच्चा बटाटा खरबरीत दगडावर किसून, पीठ मिसळून तव्यावर जाड धिरडे घालतात, त्याला रिकी कुर म्हणतात. वर लोण्याचा गोळा आणि वाटलेली मिरची. ही मिरचीही मूळची अमेरिकेतलीच.

या ट्रेकचा खरा भार हमाल वाहतात. ते बहुतेक शेर्पा नसतात. राई, तामाङ, मगर असे खालच्या डोंगरांतले लोक, शेती आटोपून हंगामापुरते वर आलेले. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेल्या खानापूर-आटपाडी-कडेगाव भागाला असे घर सोडून जाणे काय असते ते सांगायला नको. पाठीवर डोको ही निमुळती बांबूची टोपली, तिचा भार कपाळावरून घेतलेल्या नाम्लो या पट्ट्यावर, आणि हातात टोक्मा, म्हणजे आडव्या मुठीची आखूड काठी. दमला की हमाल बसत नाही. टोक्मा मागे टोपलीखाली टेकवतो, भार काठीवर सोडतो, उभ्या उभ्या तोंडाने जोरात शीळ घालत श्वास सोडतो आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा चालू लागतो. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या हमालांचा अभ्यास २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यात पुरुषांचे ओझे सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भरले.

खालच्या गावातून आलेल्या हमालाला उंची ट्रेकरइतकीच लागते. त्याच्याकडे बूट, गरम कपडे आणि विमा असतोच असे नाही, आणि आजारी पडला तर मजुरी बुडेल म्हणून तोही गप्प राहतो. पैसे भरण्याआधी ट्रेक नेणाऱ्याला विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच आहे: हमाल किती किलो उचलणार, कुठे झोपणार, आजारी पडला तर त्याला खाली कोण नेणार. स्वस्तात नेणारे पुष्कळदा इथेच पैसे वाचवतात.

शेजारच्या फेरिचेत १९७३ साली स्थापन झालेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे आरोग्यकेंद्र आहे. हंगामात डॉक्टर तिथे रोज दुपारी उंचीच्या आजारावर मोफत माहिती देतात. प्रत्येकाने ऐकावी अशी ती आहे.

गोरक्षेप, उंची ५,१६४ मीटर

ती. आबांस सा. न.

दिंगबोचेच्या पुढे थुकल्याची चढण संपते तिथे पठारावर दगडांचे चौथरे आहेत, एव्हरेस्ट परिसरात गेलेल्या गिर्यारोहकांच्या आणि शेर्पांच्या स्मरणार्थ रचलेले. त्यानंतर लोबुचे आणि मग खुंबू हिमनदीच्या कडेने गोरक्षेप. हिमनदी पांढरीशुभ्र असेल या कल्पनेने आलेल्याला समोर दगड-मातीचा राखाडी पसारा दिसतो. बर्फ त्याच्या खाली असतो, मधूनमधून निळसर भेगांतून दिसतो आणि आतून पाणी वाहताना ऐकू येते.

तळछावणी याच दगडांवर वसते. वसंतात, एप्रिल-मेमध्ये, शेकडो तंबू असतात. शरदात जवळपास काहीच नसते. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने पुमोरी शिखराकडून सुटलेले हिमस्खलन इथेच कोसळले आणि पंधराहून अधिक माणसे गेली. एव्हरेस्टचे शिखर तळछावणीवरून दिसत नाही. त्यासाठी पहाटे अंधारात काळा पत्थर या टेकाडावर चढावे लागते, साडेपाच हजार मीटरच्याही वर. तिथून ८,८४८.८६ मीटरचे ते काळे टोक आणि त्यावरून वाऱ्याने उडणारा बर्फाचा धूर स्पष्ट दिसतो. ही उंची नेपाळ आणि चीनने मिळून डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केली.

महाराष्ट्राचे या शिखराशी नाते १९९८ पासूनचे, सुरेंद्र चव्हाण वर पोचले तेव्हापासूनचे. मे २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे आठ गिर्यारोहक याच खोऱ्यातून शिखरावर गेले. त्यानंतरच्याच वर्षी साताऱ्याची प्रियांका मोहिते एव्हरेस्टवर पोचली, आणि २०२१ साली अन्नपूर्णा शिखर चढणारी पहिली भारतीय महिला ठरली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलीने ज्या दगडांवर तंबू टाकला, तिथे उभे राहताना सातारा-सांगलीकडच्या माणसाचा ऊर भरून येतो, आणि तो यावाच.

काळा पत्थरवर फार थांबत नाहीत. बोटे बधिर होतात, कॅमेऱ्याची बॅटरी थंडीने उतरते. त्याच दिवशी फेरिचेपर्यंत उतरतात, पुढच्या दिवशी नामचे, त्यापुढे लुकला. चढायला आठ-नऊ दिवस लागलेली वाट तीन दिवसांत सरते. खाली येताना हवा दाट होत जाते, भूक परत येते, झोप गाढ लागते. गुडघे मात्र दुखतात. लुकल्यात शेवटच्या संध्याकाळी वाटाड्याला आणि हमालांना बक्षिसी द्यायची पद्धत आहे. ती गटाने मिळून, पण प्रत्येक हमालाच्या हातात वेगळी द्यावी. ढग उतरले तर लुकल्याचे विमान दिवस-दोन दिवस सुटत नाही. म्हणून परतीची तिकिटे काढताना हाताशी दोन दिवस मोकळे ठेवतात.